असन्निधानीचा धर्म आणि उसनी परिभाषा

परमेश्वर अवतार सन्निधानी असता जीवाने काय करावे आणि सन्निधान सरल्यावर काय करावे, या दोन प्रश्नांची उत्तरे शास्त्रात वेगवेगळी दिलेली आहेत. सन्निधानी दास्य, सेवा, आज्ञापालन हाच धर्म. तेथे दुसऱ्या साधनाची अपेक्षा नाही. असन्निधानी मात्र स्मरण हे मुख्य, आणि त्या स्मरणाला आधार म्हणून स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक या चारांचा आश्रय सांगितला आहे. पंथातील जवळजवळ सर्व आचार या एका भेदातून उगवला आहे. अटन, विजन, भिक्षा यांचे नियम असोत, लीळांचे पाठांतर असो, ओट्यापुढे घातलेला दंडवत असो, त्यामागे सन्निधान नाही ही एकच जाणीव उभी आहे.

हे इतके परिचित असूनही आज त्याचे विवरण करण्याची वेळ आली आहे, याला एक कारण घडते. रिद्धपूर, डोमेग्राम, पैठण किंवा माहूर येथे यात्रेच्या दिवसांत थोडा वेळ उभे राहणाऱ्यास ते सहज दिसेल. वासनिकांच्या घरातील शिकलेली मुलगी आईबरोबर स्थानावर येते, ओट्याकडे पाहते आणि विचारते, “बाबा, इथं मूर्ती तर नाही. मग आपण नमस्कार कशाला करतो?” प्रश्न सरळ आहे, त्यात उद्धटपणा नाही. परंतु उत्तर पुष्कळदा असे येते: हे एक प्रतीक आहे, याने मन एकाग्र होते, पूर्वीच्या लोकांनी यात मानसशास्त्र साधले होते. मुलीचे समाधान होते. ते होते म्हणूनच अधिक काळजी वाटावी. कारण त्या उत्तरातील एकही शब्द शास्त्राचा नाही. प्रतीक म्हणजे दुसऱ्या कशाची तरी खूण. ओटा कशाचीही खूण नाही. जेथे अवताराचे श्रीचरण लागले ती ही भूमी, एवढेच त्याचे म्हणणे आहे. आणि एकाग्रताच हवी असेल तर ती दिव्याच्या ज्योतीवरही साधते. त्यासाठी रिद्धपूरपर्यंत पायी येण्याचे प्रयोजन उरत नाही. अशा उत्तराने स्थानवंदनाचे समर्थन होत नाही, ते अनावश्यक ठरते.

हे उत्तर आले कोठून, हे पाहण्यासारखे आहे. गेल्या दीड-दोनशे वर्षांत धर्म म्हणजे काय याची एक कल्पना युरोपातून आपल्याकडे आली आणि शाळा, छापखाना, शिरगणती यांच्या वाटेने घराघरांत बसली. धर्म ही मनातील श्रद्धा. ती एका ग्रंथात सांगितलेली असते. तिला एक संस्थापक असतो. वस्तू, जागा, स्पर्श, खाणेपिणे हे सारे बाह्य आणि गौण, किंबहुना अज्ञ लोकांसाठी. ही कल्पना सर्व मानवजातीची नव्हे. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारकांनी आपल्याच चर्चशी जो वाद मांडला, संतांच्या अस्थी, वस्त्रे, तीर्थयात्रा यांवर जे प्रहार केले, त्या वादातून ती घडली आहे. तो वाद त्यांच्या भूमीवर सकारण झाला असेल. पण त्याचा निकाल आपल्या ओट्यांनाही लागू आहे असे कोणी कधी सिद्ध केले? तसे न करताच तो लागू झाला.

शिरगणतीची गोष्ट त्यातल्या त्यात बोलकी आहे. प्रत्येक माणसाला एका रकान्यात बसवणे हा तिचा व्यापार. ज्या पंथात नाना जातींतून आलेले जीव संन्यास घेतात आणि ज्याचे वासनिक आपापल्या घरी, आपापल्या जातीत राहूनच उपदेश घेतात, तो कोणत्या रकान्यात घालावा? रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतांतील जाती-जमातींवरील आपला चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पंथाची नोंद आहे ती आता जात बनलेला एक धार्मिक संप्रदाय अशी. तीच नोंद कृष्णभट नावाच्या कल्पित पुरुषाची निंद्य कथाही पंथाच्या उत्पत्तीच्या नावाखाली देते. येथे न्यायाने बोलले पाहिजे. ती कथा इंग्रज अधिकाऱ्याने रचली नाही. ती आपल्याच शेजाऱ्यांनी रचली, पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, आणि ‘मानभावी’ हा शब्द ढोंग्याला लावून भाषेत कायम केला. अधिकाऱ्याने एवढेच केले की गावच्या पारावर चालणाऱ्या निंदेला छापील ग्रंथाचा मान दिला. पारावरचे बोलणे विरते. छापलेले शंभर वर्षांनीही कोणी ना कोणी उतरून घेतो. तेव्हा सगळा दोष पाश्चात्त्यांच्या माथी मारून मोकळे होणे हे सोयीचे असले तरी खरे नाही.

सकळ लिपीचेही असेच झाले. अधिकार पाहून शास्त्र द्यावे ही गुरुपरंपरेची रीत; पण सत्य असेल तर ते सर्वांपुढे छापलेले असावे, लपवलेले असेल तर त्यात काही वाईट असावे, असा नवा न्याय रूढ झाल्यावर सांकेतिक लिपी हाच संशयाचा पुरावा ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, पुढे भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांनी ग्रंथ उजेडात आणले, आणि पोथ्यांत निंदकांनी कल्पिलेले काहीच नाही हे जगाने पाहिले. हे पंथावरील मोठे ऋण आहे. ते मान्य करूनच पुढचे बोलायचे आहे.

कारण निंदा संपली आणि स्तुती सुरू झाली. परंतु मापे बहुधा तीच राहिली. पूर्वी त्या मापांनी पंथ उणा ठरत होता, आता पुरा ठरतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात महाराष्ट्रातील संतांच्या कार्याची युरोपातील धर्मसुधारणेशी तुलना केली. पुढे ही तुलना इतकी अंगवळणी पडली की श्रीचक्रधर स्वामींविषयीच्या व्याख्यानांतही तीच ऐकू येते: स्वामी हे समाजसुधारक, स्त्रीशूद्रांचे उद्धारक, लोकभाषेचे पुरस्कर्ते. यांतील वस्तुस्थिती खोटी नाही. महदाइसा, बाइसा, नागाइसा, आउसा यांना सर्वज्ञांच्या सन्निधानी जे स्थान होते ते लीळाचरित्राच्या पानापानावर आहे. प्रश्न कारणाचा आहे. समाजाची घडी नीट बसावी म्हणून हे घडले असे शास्त्र म्हणत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि स्वतंत्र. त्यांत जीवाला स्त्रीपण नाही, पुरुषपण नाही, वर्ण नाही. आणि परमेश्वरावाचून त्याला सोडवणारा कोणी नाही. म्हणून जो जीव पुढे आला त्याला ज्ञान दिले. सुधारकाचे कार्य समाज सुधारला की संपते, आणि काळ पुढे गेला की त्याचे महत्त्व इतिहासापुरते उरते. स्वामींना त्या रांगेत बसवणाऱ्याच्या हातून त्यांचा गौरव होतो खरा, पण त्यांचे अवतारत्व नकळत बाजूला पडते.

एकेश्वरवाद हा दुसरा असाच आदराने दिलेला शब्द. परमेश्वर एकच, अन्य देवतांची भक्ती नको, म्हणून हा एकेश्वरवाद, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते आणि पंथीय वाचक ते अभिमानाने उद्धृत करतात. त्या शब्दाच्या मूळ घरी त्याचा अर्थ असा की अन्य देव नाहीतच. ते मानवी कल्पना आहेत किंवा सैतानाची माया. महानुभाव शास्त्र असे म्हणत नाही. देवता आहेत, त्यांची गणना आहे, क्रम आहेत, सामर्थ्ये आहेत, त्या देतील अशी फळेही आहेत. त्या मोक्ष देऊ शकत नाहीत, एवढेच. देवता नाहीत म्हणून त्यांचा त्याग नव्हे. असूनही, फळ देऊ शकत असूनही त्याग, हे या आचाराचे कठीणपण आहे. उसन्या शब्दाने ते कठीणपण हरवते.

आता लोकभाषेचा विषय, ज्याविषयी सध्या फार बोलले जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच वर्षी रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले. ज्या गावात म्हाइंभटांनी लीळा लिहिल्या त्या गावाला हा मान मिळावा याचा आनंद कोणाला होणार नाही? तथापि भटोबासांनी मराठीचा आग्रह का धरला, याचे उत्तर भाषाभिमान असे देणे योग्य नाही, आणि मार्टिन लूथरशी तुलना करून देणे त्याहून नाही. लूथरने नवा करार १५२२ मध्ये जर्मन भाषेत आणला तो प्रत्येकाने ग्रंथ स्वतः वाचावा आणि मध्यस्थाची गरज उरू नये म्हणून. स्मृतिस्थळात सांगितलेली हकिकत निराळी आहे. संस्कृतात प्रश्न करणाऱ्या विद्वान शिष्यांना श्रीनागदेवाचार्य थांबवतात, कारण स्वामींनी आपल्याला मराठीत निरूपण केले, तेव्हा विचारायचे तेही मराठीतच. केशवराजबासांना पुढे संस्कृत रचनेपासून परावृत्त करतात ते अशासाठी की तसे झाल्यास आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील. दोन्ही कारणे असन्निधानीची आहेत. स्वामी गेले, त्यांचे शब्द उरले. ते ज्या भाषेत उच्चारले गेले त्याच भाषेत राहिले तर स्मरण घडते. आणि जिने परमार्गासाठी घर सोडले तिला स्मरणावाचून दुसरे काही उरलेले नाही, ते पंडितांच्या हौसेपायी तिच्या हातून कसे काढून घ्यावे? मध्यस्थ नको हा मुद्दाच येथे नाही. म्हाताऱ्या पोथी घेऊन एकट्या बसणार नव्हत्या. त्या ऐकणार होत्या, विचारणार होत्या, एकमेकींना सांगणार होत्या.

महाराष्ट्रात राहावे, कानडी व तेलंग देशांत जाऊ नये, या आज्ञेचा अर्थही अलीकडे प्रादेशिक अस्मितेच्या अंगाने लावतात. शास्त्रातील कारण अगदी वेगळे आणि थोडे हसू आणणारेही आहे: ते देश विषयबहुल, तेथे साधकाला फार मान मिळतो, आणि मान मिळाला की साधक घसरतो. जेथे कोणी फारसे विचारणार नाही तेथे राहा, असा हा उपदेश. अस्मितेचा झेंडा या काठीवर चढत नाही. (पुढे पंथ पंजाबपर्यंत आणि त्याहीपलीकडे काबूलपर्यंत पोचला, तेथे ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखला गेला, हा इतिहास आहेच, त्याचा विचार या आज्ञेच्या संदर्भात कसा करावा हा स्वतंत्र लेखाचा विषय होय.)

परत स्थानाकडे यावे, कारण तेथेच परिभाषेचा खरा कस लागतो. धर्म म्हणजे पवित्र आणि लौकिक यांतील भेद, अशी व्याख्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम याने १९१२ मध्ये केली आणि विद्यापीठांत ती बराच काळ प्रमाण मानली गेली. या व्याख्येने स्थानपोथी वाचू लागावे. त्यात कोणत्या गावी, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस, दारापासून कोणत्या दिशेला काय घडले ते सांगितलेले आहे: येथे आसन, येथे पहुड, येथे मादणे, येथे आरोगणा, आणि येथे परिश्रय. लघुशंकेची जागाही तितक्याच काळजीने नोंदलेली आहे आणि तितकीच वंद्य आहे. पवित्र आणि लौकिक या दोन खणांत ही जागा कोठे ठेवणार? युरोपीय वाचक येथे गोंधळतो, आणि त्याच्या शाळेत शिकलेला आपला वाचक खजील होतो, ते पान उलटून पुढे जातो.

खजील होण्यासारखे त्यात काही नाही. भूमी जड आहे. तिच्या ठिकाणी स्वतःचे पावित्र्य नाही, सामर्थ्य नाही. पवित्र म्हणून तेथे अवतार आले असेही नाही. बसले, निजले, जेवले, चालता चालता थांबले; जो देह धारण केला त्याचे सर्व धर्म स्वीकारले. त्या संबंधाने ती जागा इतर जागांहून वेगळी झाली. एकदा संबंध हे कारण मानले की आसनाचा संबंध वरचा आणि परिश्रयाचा खालचा असा भेद करायला आधारच राहत नाही. प्रसादाचेही तेच. वस्त्राचा तुकडा मौल्यवान आहे म्हणून तो जपत नाहीत. त्यात दैवी शक्ती भरली आहे आणि ती रोग बरे करील म्हणून जपत असतील, तर तीही चूक आहे, आणि ती पाश्चात्त्यांनी शिकवलेली नाही, आपली आपणच केलेली आहे. स्थानावर जाऊन अपत्य मागणारा, बाधा उतरवू पाहणारा वासनिक आणि ‘हे प्रतीक आहे’ म्हणणारा पदवीधर हे दोघे एकमेकांना हसतात. सूत्रपाठापुढे दोघांची अडचण सारखीच. एकाने जागेला देवता केले, दुसऱ्याने तिला खूण केले. संबंध दोघांनीही सोडला.

वि. भि. कोलते यांनी ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ (१९४५) आणि ‘महानुभावांचा आचारधर्म’ (१९४८) लिहिताना पंथातील शब्दांचा अर्थ पंथाच्या ग्रंथांतूनच लावला, त्यामुळे ती पुस्तके आजही उपयोगी पडतात. अमेरिकन विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठावरील आपला अभ्यास १९८३ मध्ये आणि ऋद्धिपूरलीळांचे भाषांतर १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. स्थान म्हणजे काय हे त्यांनी पोथ्या वाचून आणि यात्रेकरूंबरोबर चालून जाणून घेतले. पाश्चात्त्य गृहीतक हा माणसाच्या जन्मभूमीचा गुण नव्हे, हे यावरून दिसते. परदेशातून येऊन कोणी ते उतरवून ठेवू शकते, आणि विदर्भातल्या आश्रमात राहून कोणी ते अंगावर वागवू शकतो.

लीळाचरित्राच्या पाठांचा प्रश्न याच जातीचा आहे, आणि त्यावरून काही तरुण साधकांच्या मनात खरोखर भीती बसली आहे. पोथ्यापोथ्यांत फरक आहेत, मूळ प्रत नाही, मग हे खरे कसे? मूळ प्रत शोधून बाकीच्या प्रती अशुद्ध ठरवण्याची रीत युरोपीय ग्रंथसंशोधनाने दिली. तिचे मोल आहे. पण तिच्या फार आधी पंथाने स्वतःची रीत घडवली होती. श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी भटोबासांच्या मुखातून लीळा घेतल्या आणि जे जे प्रत्यक्ष सन्निधानी होते त्यांच्या गावी जाऊन, त्यांना विचारून त्या पडताळल्या. परंपरा सांगते की पुढे खालशाच्या धाडीत ती पोथी गेली, आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले. त्यांत हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते. या खटाटोपात दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर काय केले? एक ठेवून दुसरी पुसली नाही. दुसरी आठवण ‘वासना’ म्हणून तेथेच नोंदवली. विचारपूस करून अधिक कळले ते ‘शोध’ म्हणून जोडले. वासनिकाच्या नावातला आणि पाठभेदाच्या नावातला शब्द एकच दिसतो, यावर कोणी भाष्य केल्यास ते वाचनीय होईल.

या रीतीमागे आळस नव्हता, भय होते. आपल्याला जी आठवण पटत नाही ती कदाचित खरी असेल, आणि ती पुसली तर अवताराची एक चेष्टा या जगातून कायमची नाहीशी होईल. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण करायचे आहे. ते सामान्य चिंतन नव्हे. हात कसा उचलला, दाराकडे पाहिले की अंगणाकडे, हे कळले पाहिजे. मन शांत करण्याच्या ज्या पद्धती सध्या शहरांतून शिकवल्या जातात, त्यांत मनातील विषय काढून टाकायचा असतो. स्मरणात मन भरायचे असते, आणि भरता भरता आपल्याला ते सन्निधान मिळाले नाही या जाणिवेने ते दुखावे, अशीच अपेक्षा आहे. या अनुतापाला ताण समजून त्यावर उपाय शोधणारा साधक औषध म्हणून काय टाकून देतो आहे, हे त्याला कोणी सांगितले पाहिजे.

स्थानांच्या जीर्णोद्धाराविषयी एक गोष्ट येथेच नमूद करणे इष्ट. भक्तांच्या उदार दानाने अनेक ठिकाणी नवी बांधकामे उभी राहत आहेत. भव्य वास्तू म्हणजे धर्माचे वैभव, ही समजूतही कोठून तरी आलेलीच आहे. फरशी बसवताना ओटा चार हात सरकला, परिश्रयस्थान अडचणीचे वाटून भिंतीखाली गेले, जुन्या दाराची दिशा बदलली, तर स्थानपोथीतील ओळ आणि समोरची भूमी यांचा मेळ तुटतो, आणि तो तुटल्यावर संगमरवर कितीही शुभ्र असला तरी तेथे उभे राहून काय स्मरावे हे सांगता येत नाही. कामाला हात घालण्यापूर्वी त्या गावचे स्थानपोथीतील प्रकरण जागेवर उभे राहून वाचावे, वृद्ध भिक्षुकांना आणि गावातील जाणत्यांना विचारावे, आणि त्यांच्या सांगण्यात अंतर पडल्यास म्हाइंभटांप्रमाणे दोन्ही लिहून ठेवावे.

आणि त्या मुलीने पुन्हा विचारले, तर तिला त्या जागेची लीळा सांगावी. कोण आले, कोठून आले, कोणत्या बाजूला तोंड करून बसले, जवळ कोण होते, काय बोलणे झाले. ती पुढे विचारीलच की दार तेव्हा कोठे होते, तेही दाखवावे.